कॅनबेरा: पार्क्स उपनगरात आई-बाबांसोबत दोन दिवस, सल्ला हवा

बकुळ: आई-बाबा पुण्याहून आलेत. पुढच्या महिन्यात त्यांना सिडनीहून दोन दिवस कॅनबेराला नेतेय. बाबा निवृत्त वकील, आईचे गुडघे दुखतात. बघण्यासारखं सगळं पार्क्समध्येच आहे म्हणून तिथेच राहू म्हटलं, तर हॉटेलच सापडेना. कुठे राहावं? काय अजिबात चुकवू नये?

दक्षिणवारा: पार्क्समध्ये वस्ती जवळपास नाहीच. तळ्याकाठी राष्ट्रीय संस्था आणि सरकारी कचेऱ्या, बस्स. शेजारच्या बार्टन किंवा किंग्स्टनमध्ये राहा, रात्रीचं जेवणही तिकडेच. संध्याकाळी संस्था बंद झाल्या की त्यांची कॅफेही बंद.

बाबा वकील आहेत तर आधी हायकोर्ट! नाव हायकोर्ट असलं तरी देशातलं सर्वोच्च न्यायालय तेच. मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क मान्य करणारा १९९२चा माबो निकाल याच कोर्टाचा. सुनावणीचा दिवस संकेतस्थळावर बघून त्याच दिवशी जा. कुणालाही आत बसता येतं, पैसे लागत नाहीत. दालनात शिरताना आणि बाहेर पडताना न्यायपीठाकडे बघून मान झुकवायची, हे बाबांना सांगायची गरजच पडणार नाही.

गोदाकाठ: कोर्टाला +१. पण नॅशनल गॅलरी घाईत उरकू नका. १९७३मध्ये १३ लाख डॉलरना घेतलेलं अमेरिकन चित्रकार पोलॉकचं 'ब्लू पोल्स' हे चित्र इथलंच, त्या किमतीवरून देशभर गदारोळ झाला होता. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या देवळातून चोरलेला चोळकालीन नटराज याच गॅलरीने २००८मध्ये विकत घेतला होता. २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान अ‍ॅबट यांनी दिल्लीत येऊन तो परत केला. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, मग ते गॅलरी वेगळ्या नजरेने बघतील.

बकुळ: मनापासून आभार! आईला चालणं झेपेल का?

गोदाकाठ: गॅलरी, कोर्ट आणि पोर्ट्रेट गॅलरी शेजारी-शेजारी आहेत, तो एक दिवस धरा. व्हीलचेअरसाठी गॅलरीला आधी फोन करा, संकोच नको. जुनं संसदभवन नकाशावर जवळ दिसतं, पण मधली हिरवळ अफाट आहे, तिथे गाडीनेच जा.

दक्षिणवारा: आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळीच. १९२७ ते १९८८ संसद तिथे भरायची. समोरच्या हिरवळीवर १९७२पासून मूलनिवासींचा तंबू-दूतावास, म्हणजे हक्कांसाठी तंबू ठोकून चाललेलं आंदोलन, आहे. तिथे थांबा, फोटो मात्र विचारूनच काढा. क्वेस्टाकॉन हे विज्ञान केंद्र तुम्ही वगळलंत तरी चालेल, ते मुलांसाठी उत्तम. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्रंथालयात जा, कॅप्टन कुकच्या हस्ताक्षरातली 'एन्डेव्हर' जहाजावरची रोजनिशी त्यांच्या संग्रहात आहे. सध्या मांडलेली आहे का, ते तेवढं विचारून घ्या.