इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल?

काल स्वतःचं हसं करून घेतलं. एका मजकुराचं भाषांतर करताना 'इनव्हॅल्युएबल हेल्प'ला 'कुचकामी मदत' लिहून मोकळा झालो. 'इन' म्हणजे नाही, 'व्हॅल्यू' म्हणजे किंमत. इनकरेक्ट, इनकम्प्लीट, इनव्हिजिबल या सगळ्यांत हा हिशोब बरोबर येतो, मग इथेच काय झालं? इंग्रजीतले धातू, उपसर्ग, प्रत्यय पाठ करा, शब्दसंग्रह आपोआप वाढेल असं जो तो सांगतो. त्यावर किती विसंबायचं?

—

तुमचा हिशोब शेवटच्या 'एबल'पाशी हुकला. 'एबल' म्हणजे करता येण्याजोगं. ज्याचं मोल करता येत नाही ते इनव्हॅल्युएबल. आपला 'अमूल्य' तरी वेगळा कुठे आहे? अ अधिक मूल्य. पण अमूल्य मदतीला कुणी फुकाची समजत नाही.

खरा चकवा 'इन्फ्लेमेबल'मध्ये आहे. तिथला 'इन' नकाराचा नाहीच, तो लॅटिनमधला 'आत' या अर्थाचा. म्हणजे चटकन पेट घेणारं. टँकरवर हा शब्द वाचून 'न पेटणारं' असा अर्थ लावला तर मग बघायलाच नको! म्हणूनच धोक्याच्या पाट्यांवर 'फ्लेमेबल' लिहिणं बरं मानतात. अर्थ दोन्हींचा एकच.

—

धातू पाठ करायला ना नाही, पण नुसती यादी घोकू नका, घराणं बघा. लॅटिनमध्ये 'स्पेक्' म्हणजे पाहणं. आत पाहिलं की इन्स्पेक्ट, मागे वळून पाहिलं की रिस्पेक्ट, खालून चोरून पाहिलं की सस्पेक्ट. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे सगळे एकाच 'हृ'चे. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे नेतो असं संस्कृत व्याकरणात म्हणतातच. शिवाय 'स्पेक्' आणि आपला 'पश्यति' ही एकाच कुळातली भावंडं. 'स्पष्ट'सुद्धा त्याच घरातला.

मात्र अर्थाचा अंदाज आधी वाक्यावरून बांधावा, फोड नंतर करावी. 'मागे वळून पाहणं' यावरून 'आदर' कुणालाही सुचणार नाही. अर्थ कळल्यावर तो डोक्यात पक्का बसायला मात्र ही फोड फार कामी येते.

—

दिसण्यावर जाऊ नका, एवढं माझ्याकडून. पेडल, पेडेस्ट्रियन यांतला 'पेड' म्हणजे पाय, आपला 'पद'. पण पेडियाट्रिक्समधला 'पेड' ग्रीक, त्याचा अर्थ मूल. नाहीतर बालरोगतज्ज्ञाकडे लोक टाच दुखते म्हणून जायचे!

आणि शब्द कुठे तोडायचा हेही कळावं लागतं. हेलिकॉप्टर 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तुटत नाही. 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टेर' म्हणजे पंख. संस्कृत 'पत्र'चा एक अर्थ पंखच, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे.

'बस'ची तर गंमतच आहे. मूळ शब्द 'ओम्निबस', लॅटिनमधली चतुर्थी, अनेकवचन: 'सर्वांसाठी'. त्यातला '-बस' म्हणजे संस्कृतच्या 'सर्वेभ्यः'मधल्या '-भ्यः'चा भाऊ. 'सर्व' वाटेत कुठेतरी उतरला आणि आपण प्रवास करतोय तो नुसत्या विभक्तीच्या प्रत्ययात बसून.