घरच्या पीसीवर डीव्हीडी ऑथरिंगसाठी (मेनू-चॅप्टरसकट प्लेयरवर चालणारी डीव्हीडी बनवायला) प्रोफेशनल सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

जत्रेकरी:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आमचं गाव कुडाळजवळ. तिथल्या जत्रेतले दशावताराचे प्रयोग काकांनी २००१ ते २००६ मध्ये हँडीकॅमवर शूट करून ठेवलेत, मिनीडीव्हीच्या १४ कॅसेट. सगळ्या फायरवायरने (कॅमेरा पीसीला जोडायची केबल) पीसीवर घेतल्या, तासाला १३ जीबी जातात, हार्डडिस्क पार भरली पण काम झालं. आता त्यातले ३ अख्खे प्रयोग डीव्हीडीवर काढून गावातल्या तीसेक घरांत वाटायचेत, कारण ज्यांनी त्यात कामं केली ती मंडळी आता सत्तरीच्या पुढची आणि त्यांच्याकडे अजून डीव्हीडी प्लेयर आणि डब्बा टीव्हीच आहे.

एक फुकटचं सॉफ्टवेअर वापरून बघितलं तर तीन भानगडी झाल्या. संकासुर (सुरुवातीला येणारा राक्षस) नाचायला लागला की टीव्हीवर चित्र पुढेमागे थरथरतं, कोणी हललं नाही तर सगळं ठीक. दुसरं म्हणजे मेनूत 'आख्यान' (पूर्वरंगानंतरचं मुख्य कथानक) लिहिलं तर ख आणि य सुटे पडतात आणि 'रिद्धीसिद्धी'च्या वेलांट्या भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. आणि प्रयोग ३ तास ५० मिनिटांचा, तो एका डिस्कमध्ये कोंबला तर काळोखातला भाग म्हणजे नुसते चौकोन.

इथला दुकानवाला म्हणतो फुकटचं वापरलं की असंच होणार, प्रोफेशनल पाहिजे, अडोबी एनकोर ५०० रुपयांत टाकून देतो. मला पायरेटेड नकोय, ८-१० हजार घालायची तयारी आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम, यूएसबीचा बाहेरचा रायटर. काय घेऊ?

पेनड्राइव्हवाला:
डीव्हीडी?? आताच्या काळात? एमपी४ करा, पेनड्राइव्हवर टाका, विषय संपला.

जत्रेकरी:
अहो दादा, वरती लिहिलंय की. डब्बा टीव्हीला पेनड्राइव्ह कुठे लावू, मागच्या बाजूला?

टाइमलाइन_काका:
मी १२-१३ वर्षं लग्नाच्या एडिटिंगमध्ये काढली आहेत त्यामुळे या विषयावर कोणी विचारलं की बरं वाटतं, हल्ली कोणी विचारत नाही.

आधी एनकोरचं सांगतो. चांगलंच होतं, आम्ही तेच वापरायचो, प्रीमियरबरोबर यायचं. शेवटचं व्हर्जन सीएस६, २०१२ चं, त्यानंतर अडोबीने ते बंदच केलं. म्हणजे दुकानवाला जे 'टाकून देतो' म्हणतोय ते काय आहे हे तुम्हाला कळलंच असेल. मॅकवर डीव्हीडी स्टुडिओ प्रो होतं, तेही अॅपलने २०११ मध्ये फायनल कट एक्स आणलं तेव्हा गुंडाळलं. सोनीचं डीव्हीडी आर्किटेक्ट २०१६ मध्ये मॅजिक्सकडे गेलं आणि तिथे मागेच पडलं. सिनेमाच्या डीव्हीडी ज्यात बनायच्या ते सिनॅरिस्ट, त्याच्या वाटेला घरच्या माणसाने जाऊच नये. विकतचं पाहिजेच असेल तर जपानी टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स बघा, ट्रायल मिळते, एन्कोडर (व्हिडिओ दाबून डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये आणणारा भाग) उत्तम आहे.

पण खरं सांगू का, तुमच्या तिन्ही भानगडींपैकी एकही 'फुकटचं' असल्यामुळे झालेली नाही, आणि १० हजाराचं सॉफ्टवेअर घेऊन हेच सेटिंग ठेवलंत तर १० हजारात हेच होईल.

थरथर म्हणजे फील्ड ऑर्डर उलटी पडलीय. तुमच्या कॅसेटमध्ये प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, त्यांना फील्ड म्हणतात, आणि डीव्ही फॉरमॅटमध्ये खालचं फील्ड आधी येतं. एन्कोडरने वरचं आधी धरलं की क्रम उलटतो, मग नाचणारा माणूस एक पाऊल पुढे अर्धं मागे. एन्कोड करताना बॉटम फील्ड फर्स्ट सांगा, बस. आणि कोणी डीइंटरलेस करा (म्हणजे दोन्ही अर्धी मिळून एकच चित्र करा) म्हणालं तर ऐकू नका, डब्बा टीव्हीला इंटरलेस्डच लागतं.

चौकोनांचं गणित सोपं आहे. ४.७ जीबीची डिस्क, ६०० भागिले मिनिटं केलं की साधारण किती मेगाबिटचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा) परवडतो ते कळतं. तुमची २३० मिनिटं म्हणजे २.६. दिवसाउजेडीचा साखरपुडा असता तर कसाबसा चालला असता. पण रात्रीचं शूटिंग, त्यात हँडीकॅमने गेन (अंधारात चित्र उजळवायची सोय) वाढवून काळ्या पडद्यावर मुंग्या आणलेल्या, आणि डीव्हीडीच्या एमपेग-२ फॉरमॅटला मुंगी आणि माणूस यातला फरक कळत नाही, तो सगळा बिटरेट मुंग्यांवर उधळतो. एक प्रयोग दोन डिस्कवर टाका, टू पास व्हीबीआर (व्हिडिओ दोनदा चाळून गरजेप्रमाणे कमीजास्त बिटरेट), ५ च्या आसपास. पूर्वरंग आणि आख्यानाची सुरुवात एकीवर, उरलेलं दुसरीवर. ८.५ जीबीची डबल लेयर घेऊ नका, महाग पडते आणि जुने प्लेयर लेयर बदलताना अडखळतात.

फुकटफौजदार:
काकांशी सहमत. मी डीव्हीडीस्टायलर सुचवतो, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मेनू, चॅप्टर, सबटायटल सगळं होतं. मुख्य म्हणजे एमपेग-२ फाइल बाहेर नीट बनवून आणली तर ती परत एन्कोड न करता तशीच घेता येते, म्हणजे एन्कोडिंग एकाकडे आणि ऑथरिंग दुसऱ्याकडे, दोन्ही कामं सुखाने. डीव्हीडी फ्लिक कोणी सांगेल, ते २००९ पासून अपडेटच नाही आणि मेनू म्हणाल तर यथातथाच.

मराठीसाठी मात्र कुठल्याच ऑथरिंग सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका, विकतचं असो की फुकट. जोडाक्षरं फुटायची ती फुटतातच. मेनूचा अख्खा मजकूर इंकस्केप किंवा गिंपमध्ये लिहून त्याचं चित्र करा आणि बॅकग्राउंड म्हणून लावा, सॉफ्टवेअरने फक्त वर बटणाची चौकट ठेवायची. चित्र ७६८ बाय ५७६ मध्ये बनवून शेवटी ७२० बाय ५७६ करा, नाहीतर गणपतीबाप्पा टीव्हीवर आडवे सुटतात. कडेने दहा टक्के जागा मोकळी सोडा, डब्बा टीव्ही कडा खातो.

टाइमलाइन_काका:
आणि एक राहिलं जे आम्ही ठेचा खाऊन शिकलो. शिरोरेषा! इंग्रजीवाल्यांना हा त्रासच नाही. मराठीत प्रत्येक शब्दावर आडवी रेघ, ती बारीक फाँटमध्ये एकच पिक्सेल जाडीची आली की दोनपैकी एकाच फील्डमध्ये सापडते, मग टीव्हीवर ती सेकंदाला २५ वेळा उघडझाप करते. एका लग्नाच्या मेनूत 'शुभविवाह' असा काही फडफडत होता की वधूपिता म्हणाले टीव्ही बिघडला. तेव्हा जाड फाँट घ्या, आणि वर उभ्या दिशेने अगदी हलकासा ब्लर मारा. मॉनिटरवर पुचाट दिसेल, टीव्हीवर झकास.

जत्रेकरी:
बापरे, शिरोरेषेचं डोक्यातच आलं नसतं. धन्यवाद! अजून एक, दुसऱ्या प्रयोगात आवाज हळूहळू मागे पडतो, शेवटी दहीकाल्यापर्यंत झांज आधी वाजलेली दिसते आणि मग ऐकू येते. पहिल्यात असं नाही होत.

सोलकढी_हाफ:
त्या वर्षी कॅमेऱ्याच्या मेनूत ऑडिओ १२ बिटवर असणार, बऱ्याच हँडीकॅमला तो आधीपासूनच तसा यायचा. १२ बिट म्हणजे ३२ किलोहर्ट्झ, सेकंदाला आवाजाचे ३२ हजार नमुने. डीव्हीडीला ४८ लागतं, आणि रूपांतर नीट झालं नाही की आवाज असा घसरत जातो. ऑडॅसिटीमध्ये आवाज वेगळा काढून ४८ ला रीसॅम्पल करा, व्हिडिओच्या लांबीशी जुळवा, मग एसी३ (डीव्हीडीचा ऑडिओ फॉरमॅट) करा. १९२ चा बिटरेट पुरतो, पायपेटी आणि मृदंगच आहे. बाकी, आमच्या मालवणच्या बाजूक पण एक सेट धाडा हां.

फुकटफौजदार:
बर्न करायला इमेजबर्न, ८ एक्स स्पीडच्या वर जाऊ नका, व्हेरिफाय (लिहिलेलं परत तपासणं) चालू ठेवा. डिस्कवर कागदी स्टिकर अजिबात चिकटवू नका, वजन एका बाजूला जातं आणि जुना प्लेयर घरघरतो, मार्करने लिहा. आणि आधी एक आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) डिस्क घेऊन त्यावर टेस्ट, नाहीतर कोऱ्या डिस्कचा ढीग कचऱ्यात.

जत्रेकरी:
तीन आठवड्यांनी परत येतोय. डीव्हीडीस्टायलरच ठेवलं, पैसे वाचले. फील्ड ऑर्डर बदलल्यावर संकासुर एकदम सरळ नाचतोय. आवाज ४८ ला आणला, झांज वेळेवर. आरडब्ल्यू घेऊन आत्याकडे गेलो, तिच्या टीव्हीचा उजवा कोपरा हिरवा झालाय पण 'आख्यान' अख्खं आणि न फडफडता दिसलं. आत्याचे यजमान त्यात रिद्धी झाले होते, त्यांनी त्या चॅप्टरचं बटण स्वतः सातआठ वेळा दाबलं, पुढचं काही बघूच दिलं नाही.

आता हिशेब केला तर ३ प्रयोग गुणिले २ डिस्क गुणिले ३० घरं, १८० डिस्क!! एकीला बर्न आणि व्हेरिफाय धरून पंधरा मिनिटं. हे कोणी आधी का नाही बोललं?

टाइमलाइन_काका:
आम्हाला वाटलं तुम्ही गुणाकार केलाय. ४५ तास होतात. रायटरला मधेमधे थंड होऊ द्या, बाहेरचे रायटर सलग चालवले की तापून चुका करायला लागतात. रोज रात्री जेवणानंतर आठ डिस्क, तेवीस दिवसांत उरकेल, तुमची जत्रा कधी आहे?

जत्रेकरी:
पंचवीस दिवसांनी. बसतो आज रात्रीपासून.