आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे, पण तारीख अधिक महिन्यात : सांगलीत सोहळा कसा करावा?

गावभागची लेक

सप्रेम नमस्कार. माझ्या आई-वडिलांचे लग्न २३ मे १९७६ रोजी सांगलीत झाले, त्याला येत्या २३ मे २०२६ रोजी, म्हणजे शनिवारी, पन्नास वर्षे पूर्ण होतील. थोरला भाऊ सांगलीतच आई-वडिलांजवळ असतो, धाकटा मुंबईला आणि मी पुण्याला. तिघांनी मिळून काहीतरी करायचे एवढे ठरले आहे, पण पुढे गाडी तीन ठिकाणी अडली आहे.

पहिली अडचण तारखेची आहे. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिकात मंगलकार्य करीत नाहीत, तेव्हा कार्यक्रम निज ज्येष्ठात घ्या, असा थोरल्या काकांचा आग्रह आहे. तोवर पावसाळा लागलेला असेल आणि नातवंडांच्या शाळाही सुरू झालेल्या असतील. दुसरी अडचण पाहुण्यांच्या संख्येची. वडिलांनी हळदीच्या पेठेत चाळीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले, त्यामुळे अडते, तोलाईदार, हमाल अशी त्यांची यादी अडीचशेच्या घरात गेली आहे. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला मात्र घरच्या चाळीस माणसांत, अंगणात जेवण एवढेच हवे आहे. तिसरी अडचण कदाचित सुटण्यासारखी नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घराच्या तळमजल्यावर छतापर्यंत पाणी होते आणि लग्नाचा अल्बम त्यातच गेला. त्या दिवसाचे एकही छायाचित्र आज घरात नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पंचांगवाचक

काकांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण घरातील वडीलधाऱ्यांची शंका निवारल्याशिवाय पुढचे काहीच सुरळीत होत नाही. अधिक मासात विवाह, मुंज, वास्तुशांती यांसारखी कार्ये टाळतात हे खरे आहे. परंतु लग्नाचा वाढदिवस हा काही संस्कार नाही आणि त्याला मुहूर्तही लागत नाही. इष्टमित्रांना जेवू घालणे आणि वडीलधाऱ्यांचा सत्कार करणे या गोष्टींना अधिक मासाची आडकाठी नाही. उलट तो दानाचा आणि अन्नदानाचाच महिना मानतात. आपण लेक आहात म्हणून हेही सुचवतो, की अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची रीत काकांना अवश्य आठवून द्यावी. जावई त्या महिन्यात सांगलीला येणारच असतील, तर सोहळ्यासाठी वेगळे निमित्त कशाला शोधायचे?

एवढ्यानेही काकांचे समाधान झाले नाही, तर तिथीचा मार्ग मोकळा आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येते. तारीख आणि तिथी यांचा मेळ साधारण एकोणीस वर्षांनी बसतो, म्हणजे एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वाढदिवशी. पन्नासाव्याला तो बसत नाही. २३ मे १९७६ हा दिवस वैशाख वद्य पक्षातला होता आणि २०२६ साली हा पक्ष १६ मेच्या अमावास्येला संपतो. त्यामुळे तिथीने येणारा वाढदिवस अधिक लागण्यापूर्वीच होऊन जातो. त्या दिवशी काकांना घरी बोलावून गणपती मंदिरात अभिषेक करावा आणि घरी पुरणावरणाचा स्वयंपाक करावा. तारखेचा समारंभ मग निर्धास्तपणे २३ तारखेलाच होऊ द्यावा.

कोणी पंचाहत्तरीची ऐंद्री शांती याच दिवशी उरकून घ्या म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. ती शांती वयाशी निगडित आहे, लग्नाशी नाही.

विश्रामबागकर

काका ज्याला अडचण म्हणत आहेत ती खरे तर आपली सोय आहे. अधिकात लग्ने नसतात, त्यामुळे एरवी मे महिन्यातल्या ज्या शनिवार-रविवारसाठी मंगल कार्यालये वर्षभर आधी धरावी लागतात, तेच दिवस यंदा मोकळे मिळण्याची शक्यता आहे. आचारी आणि मंडपवालेही त्या दिवसांत रिकामे असतात. भाड्याची बोलणी करताना ही गोष्ट मनात ठेवावी, मात्र आपणहून बोलून दाखवू नये.

गेल्या मे महिन्यात माझ्या सासूबाई-सासऱ्यांचा असाच कार्यक्रम आम्ही सांगलीतील एका लॉनवर ठेवला होता. साडेचार वाजता वळीव आला, वीज गेली, सजावट आडवी झाली आणि दीडशे माणसे वधूपक्षाच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने उभी राहिली. २०२५ साली मोसमी पाऊस मेअखेरीसच महाराष्ट्रात पोहोचला होता, हे आठवत असेलच. म्हणून उघड्यावर काहीही ठेवू नये. छप्पर पक्के आहे ना आणि जनरेटर पंख्यांसकट भार घेतो ना, हे स्वतः जाऊन, चालवायला लावून पाहावे. दुपारचा उकाडा वृद्धांना सोसत नाही, तेव्हा कार्यक्रम सायंकाळी सहानंतर सुरू करून साडेनऊपर्यंत आटोपावा.

आणखी एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगतो. दोघांना उंच व्यासपीठावर, सिंहासनासारख्या कोचावर तीन तास बसवले. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या चढताना दोघांनी धरावे लागले, आणि नंतर प्रत्येक पुष्पगुच्छासाठी त्यांना त्या खोल कोचातून उठावे लागे. निमंत्रणावर ‘आहेर आणू नये’ असे छापूनही कोणी ऐकले नाही. आपण जमिनीच्या पातळीवर दोन हातांच्या, थोड्या उंच बैठकीच्या खुर्च्या ठेवाव्यात आणि पाहुण्यांकडे त्यांनीच गप्पा मारत फिरावे.

मुंबईकरांसाठी एक सूचना : रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, म्हणजे २३ मेच्या प्रवासाचे २४ मार्चला. मे महिन्यात महालक्ष्मी एक्सप्रेस लगेच भरते, तेव्हा तो दिवस चुकवू नये.

हरिपूरकर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण आईंच्या इच्छेचे काय, हा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवलेला दिसतो. अडीचशे आणि चाळीस यांचा मध्य काढून दीडशे माणसे बोलावली, तर दोघेही नाराज होतील. त्यापेक्षा दोन वेगळे प्रसंग करावेत. तिथीच्या दिवशी आईंची चाळीस माणसे घरी जेवतील आणि अभिषेकही त्यातच होऊन जाईल. तारखेच्या सायंकाळी वडिलांची पेठ कार्यालयात येईल. पेठेतील माणसांना मात्र पूर्ण जेवणाचे निमंत्रण द्यावे, नुसते अल्पोपाहारावर भागवू नये. चाळीस वर्षे ज्यांच्या पाठीवरून पोती गेली, त्यांना बशीत सामोसा देणे बरे दिसणार नाही. मे महिना आहे, आमरसाचा बेत ठेवला म्हणजे इतर गोडाचा खर्च वाचतो. निघताना प्रत्येकाच्या हाती सांगलीची हळद आणि तासगावचे बेदाणे एका कापडी पिशवीत द्यावेत. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि हळदीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या घरून चांदी मुलामा दिलेली गणेशमूर्ती का द्यावी?

करमणुकीसाठी वाद्यवृंद सांगू नये. शेजारी मिरजेसारखे तंबोरे-सतारींचे गाव आहे आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. एखाद्या स्थानिक गायकाकडून तासभर नाट्यपदे ऐकवावीत, आवाज मात्र इतकाच ठेवावा की मागच्या रांगेत गप्पा मारता येतील.

अल्बमची आशा इतक्यात सोडू नये. त्या काळी छायाचित्रांच्या जास्तीच्या प्रती काढून जवळच्या नातेवाइकांना देत असत. त्यामुळे ज्यांची घरे उंचावर आहेत, किंवा जे तेव्हाच परगावी गेले होते, अशा नातलगांच्या पेट्या धुंडाळायला सांगावे. आईंच्या माहेरची मंडळी आधी विचारावीत, कारण लेकीच्या लग्नाचे फोटो माहेरी जास्त जपले जातात असा माझा अनुभव आहे. आमच्या हरिपुरातही पुराने पुष्कळ काही नेले. एकमेकांना चिकटलेले कृष्णधवल फोटो आम्ही कोरडे ओढून काढायला गेलो आणि चेहरेच सोलले गेले. नंतर एका जाणकाराने सांगितल्यावर उरलेले स्वच्छ, थंड पाण्यात भिजवले, तेव्हा बरेचसे आपोआप सुटले. पुरातले काही गठ्ठे अजून माळ्यावर असतील, तर आधी सर्वांत कमी महत्त्वाच्या फोटोवर हा प्रयोग करावा. पाठीमागे शाईने लिहिलेले असल्यास ते आधी उतरवून घ्यावे, कारण शाई पाण्यात जाते.

गावभागची लेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांना तिथीचा मार्ग पटला. अभिषेकाची जबाबदारी त्यांनी स्वतःच मागून घेतली आणि अनारशांचे पीठ कोणी करायचे यावर काकूंशी त्यांचा वादही सुरू झाला आहे. २३ तारखेच्या सायंकाळसाठी कार्यालय मिळाले. जनरेटर भावाने पाऊण तास चालवून पाहिला. वडिलांनी हमाल पंचायतीतील जुन्या मंडळींची यादी स्वतःच्या अक्षरात, वहीत रकाने आखून लिहिली आहे आणि प्रत्येकाला निमंत्रण टपालाने नव्हे, तर आपण स्वतः जाऊन देणार असे बजावले आहे.

हरिपूरकरांनी सांगितल्याप्रमाणे आईच्या माहेरी चौकशी केली. मिरजेच्या मामेभावाच्या पेटीत चार फोटो निघाले. तीन ओळखू येण्यापलीकडे पिवळे पडले आहेत. चौथा स्पष्ट आहे, फक्त त्यात नेमके आईचे डोळे मिटलेले आहेत. तो कार्यालयाच्या दाराशी मोठा करून लावावा असे वडील म्हणतात. आईने मामेभावाला दूरध्वनी करून पेटी पुन्हा एकदा नीट पाहायला सांगितली आहे.