ओक कोणता आणि पिंपात आधी काय होते?
अनेक प्रकारच्या ओकच्या लाकडाच्या पिंपांत मुरवलेल्या व्हिस्कीला शेवटी व्हॅनिलाचीच चव लागते, बाकी सगळी जाहिरातबाजी, हे मत मला अर्धेच पटते. व्हॅनिला आणि खोबऱ्याचा गंध ही मुख्यतः अमेरिकी पांढऱ्या ओकची देणगी. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी आतून जाळलेली नवी ओकची भांडीच वापरण्याचे कायदेशीर बंधन असल्यामुळे, एकदा वापरलेली ही पिंपे स्कॉटलंडपासून बंगळुरूपर्यंत पोहोचतात आणि आपले नाक त्याच गंधाला सरावते. युरोपीय ओकमध्ये टॅनिन (तुरट चवीचे द्रव्य) अधिक, म्हणून कोऱ्या चहासारखा तुरटपणा येतो, आणि सोबत लवंगेचा तिखटपणाही. पिंपात आधी शेरी ही स्पॅनिश वाइन असेल तर सुके अंजीर, मनुका.

गेल्या शनिवारी कोथरूडला मित्राकडे अशीच एक बाटली उघडली, जिच्या वेष्टनावर जपानी मिझुनारा ओकचाही उल्लेख होता. पहिला घोट, कबूल करतो, व्हॅनिलाचाच होता. चमचाभर पाणी घालून पेला दहा मिनिटे तसाच ठेवल्यावर मात्र लवंग वर आली, आणि तासाभराने रिकाम्या पेल्याला तुळशीबागेतल्या पूजासाहित्याच्या दुकानात शिरल्यासारखा चंदनाचा वास येत होता. मिझुनाराची ओळख म्हणून हाच गंध सांगितला जातो. बर्फ घातला असता तर यातले फारसे काही हाती लागले नसते. भाजणीची चकलीही (मोह आवरून) नंतरच घ्यावी.