मदत हवी आहे : रिलायन्सचे जुने भाव जुळवायचे कसे?

वडिलांच्या रिलायन्स शेअर्सचा जुना हिशेब एक्सेलमध्ये मांडतोय. एनएसईच्या भावकॉपीत (रोजच्या भावांची फाइल) 28 ऑक्टोबर 2024 ला भाव एकदम निम्म्यावर दिसतो. तो 1:1 बोनसमुळे (एका शेअरमागे एक फुकट). सप्टेंबर 2017 मध्येही तसंच. म्हणजे 2017 च्या बोनसआधीचे भाव चारने भागायचे आणि व्हॉल्यूमला (किती शेअर्सची उलाढाल झाली तो आकडा) चारने गुणायचं, बरोबर ना?

खरी गोची जुलै 2023 ची. जिओ फायनान्शियल ही कंपनी रिलायन्समधून वेगळी झाली तेव्हा 20 तारखेच्या खास सत्रात रिलायन्सचा भाव 2580 ठरला, जिओचे 261.85 बाजूला निघाले. आधीच्या भावांतून ही रक्कम सरळ वजा करायची की गुणोत्तराने? (मला गुणोत्तर पटतं, नाहीतर फार जुने भाव भलतेच खाली जातात.) याहू फायनान्सच्या ॲडजस्टेड क्लोजमध्ये (असे बदल जुळवून दिलेला बंद भाव) लाभांशही धरलेला असतो, म्हणून तो नकोय. कोणी केलंय का हे? फॉर्म्युला टाका प्लीज.