मदत हवी आहे: पिरॅमिड अर्धवट, तांबं अजून लांब (सिव्ह ४, सांघिक पिटबॉस)

चौथा भिडू

नमस्कार मंडळी. गेम सिव्हिलायझेशन ४ (राष्ट्र उभारायचा, टर्नवर चालणारा कॉम्प्युटर गेम), बियाँड द स्वोर्ड हा त्याचा विस्तार, नॉर्मल स्पीड. पिटबॉसवर, म्हणजे सतत चालू असलेल्या सर्व्हरवर, सहा संघ आहेत आणि प्रत्येक संघाकडे एकच राष्ट्र. आमचं राष्ट्र आम्ही चौघं मिळून चालवतो. एका टर्नला २४ तास, ज्याला वेळ मिळेल त्याने लॉगिन करायचं, काय केलं ते बाकीच्यांना कळवायचं. ठरवताना फार सोपं वाटलं होतं.

भारत मिळालाय, नेते गांधीजी, म्हणजे फिलॉसॉफिकल (थोर व्यक्ती लवकर मिळतात) आणि स्पिरिच्युअल (राज्यपद्धती बदलताना अराजक नाही). आज टर्न ५०, इ.स.पू. २०००. शहरं फक्त दोन. राजधानी चार लोकसंख्येची, टर्नला साधारण १० हॅमर (उत्पादन) आणि वर ५ अन्न. दुसऱ्या शहराशेजारी दगड आहे, खाण काढून रस्त्याने जोडलाय. ब्राँझ वर्किंगचं संशोधन झालंय, पण तांबं दिसलं ते नकाशावर राजधानीपासून सहा घरं पूर्वेला, आमच्या आणि पर्शियाच्या बरोबर मधोमध. घोडे आमच्या हद्दीत नाहीत. सैन्य म्हणाल तर तीन वॉरियर, सगळ्यात साधे शिपाई.

आता मूळ दुखणं. टर्न ४४ ला आम्ही सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) लावायचा ठरवला होता. निदान मला तरी तसं वाटत होतं. सकाळी गेम उघडला तर राजधानीच्या रांगेत सेटलर दुसऱ्या नंबरवर आणि वर पिरॅमिड. हे वंडर, म्हणजे अख्ख्या गेममध्ये एकालाच बांधता येणारी इमारत. दोन्ही फास्ट वर्कर (भारताचे चपळ कामगार) शेताकडे निघालेले होते, ते जंगलात कुऱ्हाड घेऊन उभे. विचारलं तर आमच्यातल्या एका भिडूचं उत्तर, "दगड आहे, दुप्पट वेगाने होतंय, सोडायचं कशाला?" वाद घालण्यात सहा टर्न गेले, तोवर पिरॅमिड २००/५०० वर पोचलं.

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, ही खरी पंचाईत. पिरॅमिडमुळे रिप्रेझेंटेशन ही राज्यपद्धती आत्ताच मिळते आणि प्रत्येक स्पेशालिस्टमागे (शहरात खास कामाला बसवलेला नागरिक) ३ बीकर, म्हणजे संशोधनाचे गुण, जादा. फिलॉसॉफिकल नेत्याला स्पेशालिस्ट तसेही ठेवायचेच असतात. शिवाय एक जंगल तोडून पिरॅमिडला दिलं तर दगडामुळे ४० हॅमर, तेच सेटलरला दिलं तर २०. राजधानीजवळ अजून चार जंगलं आहेत. सगळी तोडली तर १६०, उरलेले १४० सात टर्नमध्ये निघतात.

पण काल सीमेवरच्या वॉरियरला पर्शियाचे दोन इमॉर्टल (त्यांचे खास घोडेस्वार) दिसले. तांब्याच्या अगदी जवळ. तिसऱ्या भिडूला तर ऑरॅकल आणि ग्रेट लाइटहाउस ही वंडरसुद्धा हवी आहेत. चौथा, म्हणजे मी, इथे येऊन बसलोय. पिरॅमिड पुरं करावं की सोडावं? आणि चौघांत एक राष्ट्र चालवताना हे असं होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

उंटावरचा शहाणा

तीन वॉरियर आणि पिरॅमिड! म्हणजे पर्शियाने आयतं घ्यावं म्हणून बांधताय का? वंडर काबीज केलेल्या शहराबरोबर जातं, एवढं लक्षात असू द्या.

तिसऱ्या भिडूला सांगा, एक ना धड भाराभर चिंध्या. ऑरॅकलसाठी आधी प्रीस्टहुडचं संशोधन लागेल, लाइटहाउससाठी सेलिंगचं. दोन शहरांच्या जिवावर किती धंदे करणार?

दगडोबा

मी असे सांघिक गेम बरेच खेळलोय, जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही "पुरं करावं की सोडावं" असं विचारताय, तिथेच घोळ आहे. सोडावं लागतच नाही. अर्धवट इमारतीचे हॅमर नॉर्मल स्पीडला ५० टर्न तसेच राहतात, त्यानंतर हळूहळू झिजायला लागतात. युनिटचे मात्र १० टर्नमध्येच झिजू लागतात. तुमचे २०० कुठे पळून जात नाहीत. रांगेत पिरॅमिड खाली ढकला आणि सेटलर वर घ्या.

आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी पिरॅमिड पुरं केलं, तरी तेल गेलं तूप गेलं अशी गत होत नाही. या गेममध्ये हुकलेल्या वंडरमध्ये घातलेले हॅमर एकास एक सोनं होऊन परत येतात, दगडाने दुप्पट झालेलेसुद्धा. म्हणजे खरे १०० हॅमर घालून २०० सोनं. करन्सीचं संशोधन व्हायच्या आधी एवढं रोख दुसरीकडून मिळणं अवघड. जाणती मंडळी मुद्दाम हुकवण्यासाठी वंडर सुरू करतात.

आता किंमत बघा. पिरॅमिडचे उरलेले ३०० म्हणजे दगडासकट तुमचे खरे १५०. तेवढ्यात एक सेटलर (१००) आणि एक भालेवाला (३५) येतो, वर सुटे उरतात. फायदा बघा. समजा, दोन्ही शहरांत लायब्ररी झाल्या आणि दोन दोन सायंटिस्ट बसवले. रिप्रेझेंटेशनचे वरचे बीकर किती? चार त्रिक बारा. सहा शहरं असतील तर हाच आकडा ३६. पिरॅमिड शहरांच्या संख्येवर फळतं, म्हणून शहरं आधी. पहिला ग्रेट सायंटिस्ट (संशोधनाला झेप देणारी थोर व्यक्ती) तर पिरॅमिडशिवायही येतो: दोन सायंटिस्टचे टर्नला ६ गुण, फिलॉसॉफिकलने १२, आणि पहिल्याला लागतात १००. नऊ टर्न.

इमॉर्टलचं तर विचारूच नका. धनुर्धाऱ्यांवर त्याला ५० टक्के बोनस आहे, त्यामुळे आर्चरी शिकून भिंतीआड बसू म्हणाल तर ते जमणार नाही. त्याला उतारा भालेवाला, घोडेस्वारांवर १०० टक्के. त्याला तांबं किंवा लोखंड लागतं. लोखंड तुम्हाला अजून दिसतही नाही. राहिलं काय?

निशाचर

दगडोबांशी सहमत, फक्त जंगलांचा हिशेब वेगळा मांडतो. ४० विरुद्ध २० ही तुलना फसवी आहे. मॅथेमॅटिक्सचं संशोधन झालं की एका जंगलाचे २० ऐवजी ३० होतात, दगडासह ६०. म्हणजे पिरॅमिडसाठी आत्ता तोडणं हाच तोटा. दोन जंगलं सेटलरला द्या, दोन मॅथेमॅटिक्सपर्यंत राखा.

सेटलर कसा काढायचा ते सांगतो. १० हॅमर आणि ५ अन्न, म्हणजे टर्नला १५. दोन जंगलांचे ४०. तीन टर्न बांधून जंगलं पडली की ८५, चौथ्या टर्नला बाहेर. गांधीजी स्पिरिच्युअल आहेत, स्लेव्हरी या राज्यपद्धतीत जायला अराजक सोसावं लागत नाही. घाई असेल तर व्हिपही आहे (लोकसंख्या खर्चून काम लगेच पुरं करणं), पण चार लोकसंख्येच्या राजधानीला मी तरी मारणार नाही, अन्नाची घरं ओस पडतात.

आणि शहर तांब्याच्या *शेजारी* नको, तांब्यावरच वसवा. माइन खोदायचे टर्न वाचतात, शहर रस्त्याने जोडलं की धातू लगेच हातात. माइनचे हॅमर जातात हे खरं, पण इमॉर्टल दाराशी असताना माइन लुटली जाते, शहराखालचं तांबं लुटता येत नाही. रस्ता आत्तापासून टाकायला घ्या. तीन पावलांचा फास्ट वर्कर आणखी कधी वापरणार?

रात्रीचा पाहुणा

मीच तो. रांग बदलणारा.

चौथ्या भिडूने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. टर्न ४४ संपायला ४० मिनिटं होती आणि राजधानीच्या रांगेत काहीच नव्हतं. सेटलरचं "ठरलं होतं" म्हणे, पण ठरलं ते दोघांत, मला कोणी विचारलं नाही. वीस तास कोणाचं उत्तर नाही. मग मला जे पटलं ते मी लावलं.

आणि एक गोष्ट कोणी पाहिली नाहीये. टर्न ३८ ला "दूरच्या देशात ग्रेट वॉल पूर्ण" असा निरोप आला होता. म्हणजे कोणाकडे तरी मेसनरीचं तंत्र आहे, बहुधा दगडही. रोमचा ऑगस्टस एका संघाकडे आहे, तो इंडस्ट्रियस, म्हणजे वंडर लवकर बांधणारा. त्याला दगडाचे १०० आणि वर ५० टक्के. ते हातावर हात ठेवून बसलेत का?

दगडोबा

पाहुणे, निरीक्षण झकास. पण त्यातून निघतं ते तुमच्या उलट. रोमकडे दगड असेल तर त्याचे १० हॅमर २५ होतात, तुमचे २०. शर्यत आधीच चढाची आहे. अशा शर्यतीत २०० टाकून थांबणं शहाणपणाचं, हरलात तर सोनं येतंच. ५०० च्या जवळ जाऊन एका टर्नने हरलात तरी सोनं येईल हो, पण तोवर तांब्यावर पर्शियाचं शहर उभं असेल, ते कोण परत देणार?

एफ ९ दाबून आकडेवारीचा पडदा उघडा आणि सैनिकांचा आकडा रोज लिहून ठेवा. राजवाड्यातून येणारे दर टर्नचे ४ हेरगिरी पॉइंट सगळे पर्शियावर लावा, सगळ्यांत वाटू नका. ते काय शिकताहेत ते दिसायला लागलं की निम्मी भीती कमी होते, किंवा दुप्पट होते.

भांडणाबद्दल: आम्ही एकच नियम ठेवला होता. प्रत्येक शहराच्या रांगेत कायम *तीन* गोष्टी लावलेल्या असायच्या. रांग रिकामी दिसली की कोणाचाही हात शिवशिवतो. वरची गोष्ट बदलायची तर दोघांचं मत हवं, आणि शेवटच्या तासात कोणी उरलं नसेल तर आहे तेच चालू द्यायचं. शहरं वाटून घेऊ नका मात्र. "माझं शहर, माझं वंडर" सुरू झालं की एका राष्ट्रात चार राष्ट्रं होतात.

उंटावरचा शहाणा

पाहुण्याची बाजू ऐकल्यावर मला तो बरोबर वाटायला लागलाय. वंडरबद्दल नव्हे, रांगेबद्दल. रिकामी रांग हा चौघांचा गुन्हा.

चौथा भिडू

रिकाम्या रांगेचं मान्य. ते मी लिहायला हवं होतं. पाहुण्या, सॉरी रे.

सेटलर वर घेतलाय, दोन वर्कर पूर्वेच्या रस्त्यावर. हॅमर ५० टर्न टिकतात हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, सहा टर्न आम्ही उगाच भांडलो.

चौथा भिडू

अपडेट, टर्न ६४.

टर्न ५७ ला तांब्यावर शहर वसलं, रस्ता दोन टर्न आधीच तयार होता. पहिला भालेवाला राजधानीतून निघाला तेव्हा इमॉर्टल नव्या शहराच्या शेजारच्या टेकडीवर येऊन उभे होते. शहरात एक वॉरियर. त्या टर्नला आम्ही चौघंही एकाच वेळी लॉगिन होतो, गेम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. भालेवाला आत शिरला, पुढच्या टर्नला ते टेकडी उतरून परत गेले. चौथ्या शहराचा सेटलर अर्धा झालाय.

आणि आज सकाळी निरोप: पिरॅमिड दूरच्या देशात पूर्ण. खजिन्यात २०० जमा. संशोधन १०० टक्क्यांवर ठेवलंय, मॅथेमॅटिक्स चार टर्नवर. तिसरा भिडू आता हँगिंग गार्डन्स म्हणतोय. त्यालाही दगडाचा फायदा होतो म्हणे.

रात्रीचा पाहुणा

त्या २०० तलं ८० सोनं माझ्या दोन जंगलांचं आहे, याची नोंद असावी.

चौथा भिडू

याला कोणीतरी आवरा.