मदत हवी आहे: शेतावर आज्या-नातवंडांनी मिळून करण्याजोगी चित्रकला

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारीअखेर आम्ही चार कुटुंबं मुळशीकडे एका मित्राच्या शेतावर दिवसभर जाणार आहोत. मुलं पाच ते तेरा वर्षांची, सोबत दोन आज्या. मोबाइल गाडीतच ठेवायचे आणि होता होईल तो तिथल्याच वस्तूंतून काही करायचं, एवढं ठरलंय.

तेव्हा पळस फुललेला असतो. खाली पडलेली फुलं वेचून (तोडायची नाहीत; देवपूजेवाल्या आज्यांना आधीच सांगून ठेवलंय!) चुलीवर उकळून रंग काढायचा आहे. पण तो कागदावर फिकटच बसतो. तुरटी घालू का? धाकट्यांचं पक्कं आहे: हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवायचा, मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढायचं. लाल उमटतं.

दुसरं म्हणजे सुती कापडाच्या घडीत ताजं पान ठेवून हातोडीने ठोकायचं, शिरांसकट ठसा उठतो. यासाठी कोणती पानं घ्यावीत? सागाचं कोवळं पान चुरडलं की हात लाल होतात, पण फेब्रुवारीत सागाला कोवळं पान कुठलं!

गोठ्याची एक भिंतही मिळाली आहे. गेरूने सारवून वारली पद्धतीने तांदळाच्या पिठाने रंगवायची, काडीचं टोक चावून कुंचला. पीठ वाळल्यावर झडू नये म्हणून डिंक किती घालू?

दगडांचे मनोरे कृपया सुचवू नका. दगडाखाली विंचू असतात.

आणि मोठा प्रश्न: तेरा वर्षांच्या भाच्याला हे सगळं 'बाळबोध' वाटतं. त्याचं काय करू?

प्रतिसाद:
पाणी फुलं बुडतील इतकंच घ्या आणि निम्मं होईपर्यंत आटवा. मग दोन वाट्या करा. एकीत चिमूटभर तुरटी, दुसरीत खायचा सोडा. सोड्याने रंग गडद केशरीकडे जातो. कागद जाड हवा, दोन-तीन हात द्या. ठशाला रसाळ पान नको, लगदा होतो. शेवगा, चिंच, झेंडूच्या पाकळ्या चालतील. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवा. तरी हिरवा रंग हळूहळू विटतोच. डिंकाचं प्रमाण नेमकं नाही. थोडा भिजवून पिठात कालवा, भिंतीच्या कोपऱ्यात रेघ ओढून वाळू द्या, बोटाला पीठ लागलं तर आणखी घाला.
भाच्याला चित्र काढायला सांगूच नका, चूल त्याच्या ताब्यात द्या. शेजारी एक आजी बसवा म्हणजे झालं.